जिभाऊंच्या ट्रॉलीचा वांधा

अण्णा घरी आले की जिन्यातूनच ओरडायचे, "आज खोबरं भाजलंय! वाटणाची आमटी!" आणि आई आतून म्हणायची, "वर तरी या, का तिथंच वाढू?" नाशिकच्या द्वारका भागात ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे आमच्या दोन खोल्या होत्या. जिना इतका अरुंद की खाली उतरणारा दिसला तर वर येणाऱ्याने भिंतीला चिकटून उभं राहायचं. खाली दिवसभर ट्रक लागलेले असत. क्लीनर सळईने टायर ठोकून हवा तपासायचे आणि त्या ठणठणाटात मी बी.कॉम.ची दोन वर्षं काढली. आजही फार शांत जागी मला झोप लागत नाही, म्हणून मुलगी हसते. डिझेल, ओलं बारदान, शेजारच्या खानावळीतला रस्सा या सगळ्यातून अण्णांना आमच्या तव्यावरचं खोबरं वेगळं ओळखू यायचं. मेथी का शेपू तेही ते खालूनच सांगायचे. शेपू असली की पावलं जरा रेंगाळायची. मग आई मोठ्याने सांगायची, "पिठलंही केलंय, या."

अण्णा कांद्याचे व्यापारी. फार मोठे नाहीत, मोसमात आठवड्याला दोन-तीन ट्रक दक्षिणेकडे पाठवणारे. चांदवडच्या अलीकडे जो बाजार भरायचा तिथं त्यांचं खळं होतं, म्हणजे विकत घेतलेला कांदा ओतून, निवडून, गोण्या भरायची पत्र्याची शेड. सकाळी शेतकऱ्यांच्या ट्रॉल्या ओळीने उभ्या राहत. बोली पुकारणारा पुढे, व्यापाऱ्यांचा घोळका मागे, असा लिलाव एकेका गाडीवरून पुढे सरकायचा. एका गाडीला मिनिट-दोन मिनिटंच मिळत. तेवढ्यात वरचा कांदा उचलायचा, मान दाबायची, पत्ती, म्हणजे वरची साल, सुटते का बघायचं, नाकाशी धरायचा आणि बोलायचं. अण्णा याहून एक गोष्ट जास्त करत. ते शर्टाची बाही वर सारून ट्रॉलीत कोपरापर्यंत हात घालत, खालचा कांदा काढत आणि डोळे अर्धवट मिटून वास घेत. बाकीचे तोपर्यंत थांबायचे. अण्णांनी बोली लावली म्हणजे माल चांगला आणि अण्णा पुढे निघाले म्हणजे काहीतरी पाणी मुरतंय, हे बाजारात सगळ्यांना माहीत होतं. कित्येक व्यापारी स्वतः वास घेतच नसत, अण्णांच्या तोंडाकडे बघून बोली लावत. अण्णांना ते कळायचं आणि आवडायचंही. घरी येऊन आईला सांगायचे, "आज चौघांनी माझ्या नाकावर धंदा केला."

त्यांचा आणखी एक अभिमान होता. बोली झाली की गाडी वजनकाट्यावरून खळ्यावर येते आणि ओतली जाते. ओतल्यावर आतला माल वरच्यापेक्षा हलका निघाला तर व्यापारी भाव पाडून मागतो. याला आमच्याकडे वांधा काढणं म्हणतात. शेतकऱ्याला या शब्दाची धडकी भरते, कारण गाडी एकदा रिकामी झाली की तो अडकलेला असतो. अण्णांनी उभ्या आयुष्यात एक वांधा काढला नाही. "हात घालून बघितला ना मी? मग आता रडायचं कशाला?" असं म्हणायचे. म्हणून सटाण्याकडचे काही शेतकरी वाटेतले दोन बाजार सोडून अण्णांसाठी इतक्या लांब येत. त्यात जिभाऊ पहिले. बारीक अंगाचे, पांढऱ्या टोपीचे, बोलायला मृदू. डाळिंबं आली की एक पाटी आमच्या घरी पोचवायचे आणि मला बघून विचारायचे, "कशी शे माय?" लहानपणी मी त्यांच्याकडे आठ-आठ दिवस राहिलेली. त्यांच्या कांदाचाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या लांबट शेडमध्ये, लपाछपी खेळले, त्यांच्या घरची कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन तोंड पोळवून घेतलं.

मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा अण्णांची स्कूटर द्वारकेच्या चौकात सांडलेल्या डिझेलवरून घसरली. डोक्याला मार बसला, बारा टाके पडले, आठवडाभर दवाखाना झाला. नंतर ते हसतखेळत घरी आले आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. महिनाभराने ते पुन्हा बाजारात जाऊ लागले. जिन्यातून पुन्हा आवाज येऊ लागला, पण आता तो कसा मोघम असायचा. "वा, आज बेत आहे!" एवढंच. एका गुरुवारी आईचं लक्ष नव्हतं आणि तव्यावरचं खोबरं जळून काळं झालं. घरभर धूर, माझ्या डोळ्यांतून पाणी. तेवढ्यात जिन्यातून अण्णा ओरडले, "आज मटकी!" गुरुवारी आमच्याकडे मटकी असायची. आई पदराने धूर हाकलत होती, ती थांबली. मी दाराशी गेले. अण्णा वर आले, त्यांना धूर दिसला, आणि त्यांचा चेहरा असा पडला की मी पटकन म्हणाले, "हो, मटकीच आहे."  आईने मटकी केली नव्हती, पण खालून मोड आलेली आणून तासाभरात केली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गॅलरीत बोलावलं. "शैले, दवाखान्यातून आल्यापासून मला कशाचाच वास येत नाही. डॉक्टर म्हणाले, येईल नाहीतर नाही येणार. जेवण म्हणजे नुसता पुठ्ठा चावतोय." मग इकडेतिकडे बघून म्हणाले, "बाजारात कळलं तर मी संपलो बघ." मी विचारलं, महिनाभर मग माल कसा घेतलात? तर म्हणाले, "नजरेनं. आणि नशिबानं." मला हसावं की रडावं कळेना. अण्णांना मी घाबरलेलं पहिल्यांदाच बघत होते.

असं माझं या धंद्यातलं शिक्षण सुरू झालं. बाजारात अण्णांनी सांगितलं, "पोरगी शिकतेय." त्या काळी लिलावात बाई म्हणजे फक्त खळ्यावर निवडायला बसलेली. व्यापाऱ्यांच्या घोळक्यात सलवार-कमीज घातलेली मुलगी बघून लोक एकमेकांना कोपर मारायचे. शेजारच्या खळ्याचे माणकशेठ तर तोंडावरच म्हणाले, "अण्णा, पोरीला बघायला येणारे हिथंच येणार हायेत का?" अण्णा हसले. घरी मात्र ते मला समोर बसवून शिकवत. डोळ्यांवर रुमाल बांधून माझ्या हातात एकेक कांदा देत. चांगल्या सुकलेल्या कांद्याला वासच नसतो, असला तर मातीचा. कोंब फुटायच्या बेतात असला की हिरवट वास येतो. काजळी धरलेला नाकात कोरडा खवखवतो. आणि सड लागायच्या आधी दोन-तीन दिवस एक गोडसर, आंबूस वास येतो. तो सापडला पाहिजे, कारण तेव्हा डोळ्याला काहीच दिसत नाही. "तीन ठिकाणी हात घालायचा. तोंडाशी, मध्ये, आणि शेपटाला. कोपरापर्यंत. कुणाची का गाडी असेना." हे वाक्य ते रोज म्हणायचे. आमची खूण साधी होती. माल चांगला असला तर मी कांदा परत ट्रॉलीत टाकायचा, खराब असला तर हातातच ठेवायचा. मग अण्णा स्वतः हात घालत, कांदा नाकाशी नेत, डोळे अर्धवट मिटून छाती भरून श्वास घेत, आणि त्यातच तिरक्या नजरेने माझा हात बघत. लोक पूर्वीसारखे थांबून राहायचे. 

आता माझा भाचा नाशिकमध्येच वातानुकूलित खोलीत दोन पडदे लावून बसतो आणि जिऱ्याचे, कापसाचे सौदे करतो. त्याने जिऱ्याचं शेत पाहिलेलं नाही. मी विचारलं, "माल कसा आहे हे तुला कोण सांगतं?" तर म्हणाला, "मावशी, माल बघायचा नसतोच, भाव बघायचा." मी त्याला नावं ठेवत नाही, हुशार आहे, चांगलं कमावतो. पण त्याच्या खोलीतून निघताना मला वाटतं, याला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, सुखी आहे बिचारा.

आमचं नाटक सहा-सात महिने चाललं आणि खरं सांगायचं तर मी चांगली तयार झाले. माझं नाक अण्णांच्या तोडीचं आहे असं ते स्वतः म्हणाले, तेव्हा मला दोन दिवस जमिनीवर पाय ठरेना. तोच माज नडला. श्रावण उतरला होता, चाळीतला उन्हाळ कांदा बाजारात येत होता, भाव चढे होते. ओळीत जिभाऊंची ट्रॉली उभी होती. मी पुढे झाले तसे ते हसले, "कशी शे माय?" मी तोंडाशीच एक कांदा उचलला. टणक, डबल पत्तीचा, तांबूस. जिभाऊंचा माल असाच असतो हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. त्यांच्यासमोर त्यांच्या गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा म्हणजे मला अविश्वास दाखवल्यासारखं वाटलं. मी कांदा नाकाशी नेला, पण वास घेतला तो त्यांच्या चाळीचा, माझ्या आठवणीतला. कांदा परत टाकला. अण्णांनी माझ्या भरवशावर त्यांचं सगळं केलं, दाखवण्यापुरता हात घातला, डोळे मिटले, आणि त्या दिवसातली सगळ्यात चढी बोली लावली. जिभाऊंनी टोपी काढून घाम पुसला.

तासाभराने ट्रॉली खळ्यावर आली. जिभाऊ तेवढ्यात चहा घेऊन, ट्रॅक्टरला डिझेल भरून आले होते. ट्रॉली उचलली, कांदा खाली ओतला, आणि निवडणाऱ्या बायांनी पदर नाकाला लावले. तळाचा पाऊण हात थर सडलेला होता. पाणी सुटत होतं. जिभाऊंच्या चाळीचा एका टोकाचा पत्रा वाऱ्याने उचकटला होता, तिथं पाऊस गेला होता, आणि पहाटे अंधारात मजुरांनी ट्रॉली भरायला त्याच टोकापासून सुरुवात केली होती. हे सगळं पुढे कळलं. त्या वेळी जिभाऊ नुसते उभे राहिले, तोंड उघडं टाकून. अण्णा मुनिमाला म्हणाले, "भाव आहे तोच लिही." वांधा नाहीच. गोष्ट तिथंच मिटली असती. पण वास शेजारच्या खळ्यावर गेला आणि माणकशेठ आले, त्यांच्यामागे आणखी पाच-सात जण आले.

माणकशेठ सडका कांदा पायाने लोटत म्हणाले, "ह्यो माल लिलावात नव्हता. अण्णांच्या नाकातून असला माल सुटंल? मेलं तरी नाय सुटायचा. काट्यावरून हिथं यायला तासभर लागतोय का? रस्त्यात माल बदललाय ह्यानं." आणि मग सगळेच बोलायला लागले. तेव्हा त्या बाजारातल्या व्यापाऱ्यांचा एक अलिखित रिवाज होता. बोलीनंतर माल बदलणाऱ्याचं नाव भोंग्यावर पुकारायचं, आणि मग त्याच्या गाडीसमोर कुणी उभं राहायचं नाही. नुसता तोटा नव्हता तो. भोंगा साऱ्या बाजाराला ऐकू जायचा, गावोगावचे लोक असायचे, सोयरे असायचे. चोर म्हणून नाव गेलं की मुलांच्या सोयरिकीपर्यंत जायचं. जिभाऊ हात जोडून म्हणाले, "मना माल तोच शे, दादा. मी काहीच करं नई." कुणी ऐकेना. ऐकतील कसे? त्यांच्याकडे पुरावा होता. अण्णांचं नाक हाच पुरावा.

माणकशेठनी विचारलं, "अण्णा, तुम्हीच सांगा. लिलावात वास व्हता का?"

अण्णांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला. पुन्हा डोळ्यांवर चढवला. म्हणाले, "तेव्हा तर मला काही जाणवलं नव्हतं."

यातला एक शब्द खोटा नव्हता. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते. मला वाटलं, आता पुढचं वाक्य येईल. जिभाऊंनाही तसंच वाटलं असावं, ते अण्णांकडेच बघत होते, ओरडणाऱ्यांकडे नाही. पुढचं वाक्य आलं नाही. अण्णा खाली बघत होते. माणकशेठनी एकाला सांगितलं, "जा रे, भोंग्यावर नाव दे," आणि तो माणूस निघाला. तो शेडच्या कडेपर्यंत पोचला होता. मी म्हणाले, "थांबा."

माझा आवाज किती मोठा निघाला ते मला कळलं नाही. बाया सांगतात की लांबपर्यंत ऐकू गेला. मी म्हणाले, "अण्णांना वास येत नाही. पडल्यापासून येत नाही. माल मी बघते. जिभाऊंच्या गाडीत मी हात घातला नाही, चूक माझी आहे."

कुणी मला रागावलं नाही. ओरडा झाला असता तर बरं झालं असतं. माणकशेठ, जे आयुष्यभर अण्णांशी चढाओढ करत आले, ते आपल्या खळ्यावर गेले आणि एक खुर्ची घेऊन आले. "बसा, अण्णा," म्हणाले. अण्णा खळ्यावर कधी बसत नसत. त्यांनी खुर्चीकडे बघितलं आणि बसले. कुणीतरी पाणी आणलं. त्यांच्याशी सगळे अचानक इतक्या हळू आवाजात बोलायला लागले की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

जिभाऊंनी पैसे घेतले नाहीत. चांगला, सडका, सगळा कांदा त्यांनी ट्रॉलीत परत भरला, पाट्यांनी, स्वतः. मी मदतीला वाकले तर "राहू दे माय," म्हणाले. निघताना ते अण्णांच्या खुर्चीसमोर येऊन उभे राहिले. चिडलेले नव्हते. "अण्णा," ते म्हणाले, "तुमले तं माहीत व्हतं." अण्णांनी मान वर केली नाही. त्यानंतर जिभाऊ आमच्याकडे कधी माल घेऊन आले नाहीत. पुढे मी एकदा त्यांच्या गावी गेले, त्यांनी मला भाकरी खाऊ घातली, आईची चौकशी केली. अण्णांची केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी अंघोळ केली, कपडे घातले, आणि बाजाराला नेणारी जीप खाली आली तेव्हा म्हणाले, "तू जा." एवढंच. मला वाटलं, दोन-चार दिवस. ते पुन्हा बाजारात गेलेच नाहीत. मी गेले. पहिल्या वर्षी लोकांनी मला अण्णांची मुलगी म्हणून सांभाळून घेतलं, दुसऱ्या वर्षी घेतलं नाही, तिसऱ्या वर्षी माझ्या तोंडाकडे बघून बोली लावू लागले. पुढे माझे कांदे समुद्रापार गेले, माझी तीन गोदामं झाली, सत्कार झाले, शाली मिळाल्या. सत्कारात हमखास कुणीतरी विचारतं, "ताई, या धंद्यात कशा आलात?" मी सांगते, वडिलांकडून आले. ते खरंच आहे.

पण इतकी वर्षं मला एक गोष्ट खात होती. मी असं धरून चालले होते की अण्णा बोलणारच होते. चष्मा पुसून झाला होता, खाली बघून ते शब्द जुळवत होते, आणि मी आगाऊपणे मध्ये पडले. क्षणभर थांबले असते तर त्यांनीच सांगितलं असतं, जिभाऊ सुटले असते, आणि अण्णा खुर्चीत बसले तरी ताठ मानेने बसले असते. ते मी त्यांच्याकडून हिसकावून घेतलं. रात्री-अपरात्री हे आठवून मी स्वतःला शिव्या घातल्या आहेत. आणि आता कळतं की मी त्या शिव्यांच्या आधारावर जगत होते.

ते जायच्या आदल्या उन्हाळ्यात एका दुपारी आम्ही गॅलरीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. आई झोपली होती. ते फार थकले होते, पण डोकं लख्ख होतं. माझ्या तोंडून गेलं, "अण्णा, त्या दिवशी मी घाई केली. तुम्ही बोलणारच होता ना?"

त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे ताटात टाकले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "नाही."

मी पुढची शेंग उचलली.

"नसतो बोललो गं. तो माणूस भोंग्याकडे निघाला ना, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. पुकारू दिलं असतं जिभाऊचं नाव. घरी येऊन जेवलो पण असतो."

मला त्यांनी हो म्हणायला हवं होतं. खोटं का होईना. आयुष्यात एकदाच मी त्यांच्याकडे खोटं मागितलं होतं, आणि त्या माणसाला नेमकं तेव्हाच खरं बोलायचं सुचलं. मी ताट उचलून आत गेले आणि ओट्याशी उभी राहून रडले. बाहेर अण्णा किती तरी वेळ शेंगा फोडत राहिले, आणि मी परत आले तेव्हा दाणे टाकायला समोर ताट नव्हतं म्हणून ते मुठीत धरून बसले होते.